कोरे तळ

जयवंत परबने चप्पल मधोमध दुमडली, कानाशी नेली आणि सोडली. पट्ट असा आवाज झाला. मग त्याने आतून अंगठा फिरवायला सुरुवात केली, टाचेपासून बोटांपर्यंत, सावकाश. एकदा फिरवला, दोनदा फिरवला, तिसऱ्यांदा डोळे मिटून फिरवला.

"काय शोधताय काका?" सुरुचीने विचारलं.

"खिळा."

"नाहीये हो. एकसुद्धा नाही. सगळी चिकटवलेली आहे."

"सगळे असंच म्हणतात," जयवंत म्हणाला आणि चौथ्यांदा अंगठा फिरवू लागला.

खिळा नव्हता. खरं सांगायचं तर त्याला त्याचं जरा वाईटच वाटलं. एखादा बारकासा खिळा सापडला असता तर ही सगळी भानगड तिथल्या तिथे मिटली असती.

तुमच्याआमच्या पायाला खिळा टोचला तर आपण घर डोक्यावर घेतो. जयवंतकडे येणाऱ्यांचे पाय तक्रार करत नाहीत. कुष्ठरोग औषधाने बरा होतो, अगदी ठणठणीत बरा होतो, पण जाता जाता कुणाकुणाच्या तळव्यांची जाणीव घेऊन जातो. मग खडा रुतो, काच जावो, तापलेल्या रस्त्याचा चटका बसो, माणसाला पत्ता नाही. संध्याकाळी फरशीवर रक्ताचा ठसा दिसला की मग शोधाशोध. जखम होते, भरत नाही, हाडापर्यंत जाते, आणि एक दिवस डॉक्टर कापायची भाषा बोलू लागतात. म्हणून या लोकांना आत मऊ रबर, खाली जाड तळ, मागे पट्टा आणि बिनखिळ्याची अशी चप्पल पायाच्या मापाने करून द्यावी लागते. परळच्या महापालिकेच्या दवाखान्यामागे, पत्र्याच्या शेडमध्ये, ती चप्पल गेली एकतीस वर्षं जयवंत करत होता.

गिरणीत लूम चालवणाऱ्या बापाच्या पोराने ही नोकरी धरली तेव्हा भावकीतल्या दोन-तीन घरांनी गणपतीत त्याच्याकडे यायचं बंद केलं होतं. चपला त्या चपला, आणि त्यात 'तसल्या' लोकांच्या! दोन वर्षांनी त्याच्या आयेच्या, जाईबाईंच्या मोदकांच्या ओढीने सगळे परत आले. जयवंतने तेव्हाही कुणाला काही ऐकवलं नाही. कामात तो असा रमून गेला होता की रागवायला फुरसतच नव्हती. कागदावर पाय ठेवायला सांगायचा, पेन्सिलीने भोवती रेघ मारायची, कुठे उंचवटा, कुठे खळगा, कुठली बोटं नाहीत ते टिपून घ्यायचं आणि त्या कागदावरून रबर कापायचं. रस्त्यात एखाद्याचा चेहरा त्याला आठवायचा नाही, पण पाय बघितला की नाव, पत्ता, सगळं धडाधडा आठवायचं.

सुरुची आली ती एका बूट कंपनीकडून. दादरची मुलगी, सत्तावीस-अठ्ठावीसची. पहिल्या दिवशी ती बूट दाराशी काढून शेडमध्ये आली होती. चपलांच्या कारखान्यात पादत्राणं काढून येणारी ही पहिलीच, म्हणून जयवंत पोट धरून हसला होता, आणि तेव्हापासून तिच्यावर धड रागवताही येत नव्हतं. तिने शेडच्या दारावर एक भलामोठा फलक लावून घेतला होता: 'दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांविरुद्ध सार्वजनिक-खासगी भागीदारी'. जयवंतने तो दोनदा वाचला. एकतीस वर्षं आपण एका दुर्लक्षित आजाराची चाकरी करतोय, हे त्याला फलकावरून समजलं. शिपाई शिवाची तर त्या शब्दावर जीभच अडखळायची. तो त्याला नुसतं 'उष्ण भागीदारी' म्हणायचा.

भागीदारी अशी होती. दवाखाना रुग्ण देणार, कंपनी चपला देणार. आत जयवंतच्याच चपलेतलं मऊ रबर, पण वरून बाजारातल्या कुठल्याही चपलेसारखी दिसणारी. बायकांसाठी मरून आणि निळा पट्टा, पुरुषांसाठी तपकिरी. आधी बारा जणांवर तीन महिने चाचणी करायची. चप्पल पास झाली तर एप्रिलअखेर जयवंत निवृत्त झाला की शेडला कुलूप, पद रद्द. नापास झाली तर त्याच्या जागी नवा माणूस भरायचा आणि शेड चालू ठेवायची. दवाखान्याच्या प्रमुख डॉ. मृणालिनी आठल्ये यांनी हे त्याला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

"परब, तुमचं मत मला कागदावर हवंय. तुमच्याइतकं यातलं कुणाला कळत नाही," त्या म्हणाल्या होत्या.

जयवंतला शेड राहायला हवी होती. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. आपण गेल्यावर त्या स्टुलावर कुणीतरी बसावं, आपली रबर कापायची रापी कुणीतरी हातात घ्यावी, एवढीच त्याची इच्छा होती.

"या इकडे," तो सुरुचीला म्हणाला. "तुमची चप्पल दिसायला झकास आहे, नाही म्हणत नाही. पण दिसण्यावर काय आहे? हे बघा."

कोपऱ्यात काचेचं कपाट होतं. त्यात सहा जोड मांडून ठेवलेले, प्रत्येकाखाली चिठ्ठी. रुग्ण दीड-दोन वर्षांनी नवा जोड न्यायला येत तेव्हा जुना जमा करत. त्यातले निवडक सहा. वैद्यकीय कॉलेजची मुलं बघायला आली की जयवंत ते कपाट उघडायचा.

"अठरा महिने," त्याने एक जोड काढून उलटा केला. "तळ बघा. नक्षी तशीच. जरा तरी झिजलाय? आणि ही माझगावच्या बाबुरावांची, वीस महिने. माणूस गोदीतल्या गोदामावर वॉचमन, दिवसभर पायावर. आता बोला!"

सुरुचीने तळावरून बोट फिरवलं. खरंच, नवा म्हणून खपला असता.

"बाप रे," ती म्हणाली. "आमच्या क्वालिटीवाल्या सौमित्रला दाखवायला हवं."

"दाखवा की. बोलवा त्यांना."

बारा नावं जयवंतनेच निवडली. त्यात ललिताचं नाव त्याने मुद्दाम घातलं. ललिता लालबागला चाळीत राहायची आणि दादरला एका पोळीभाजी केंद्रात कामाला होती. सकाळी सातपासून ओट्यासमोर उभी, दुपारी डबे पोचवायला भवानी शंकर रोडपर्यंत दोन फेऱ्या. औषधं संपून तिला नऊ वर्षं झाली होती, पण डाव्या तळव्याला जाणीव नव्हती आणि अंगठ्याखालची जखम चार वर्षं भरत नव्हती. आता पुन्हा हाडाला लागलं तर पायाचा पुढचा भाग ठेवता येणार नाही, असं डॉक्टरांनी तिला दिवाळीत बजावलं होतं. एवढं चालणारी बाई कंपनीच्या चपलेची आठ दिवसांत वाट लावील, असा जयवंतचा हिशेब. तो तिच्या वाइटावर नव्हता हो! काही बिघडलंच तर आपली चप्पल आहे की, आपण बघून घेऊ, असंच त्याच्या मनात होतं.

संक्रांतीनंतर चपला वाटल्या. मध्ये शिमगा झाला, पाडवा झाला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, निकाल ठरवायच्या बैठकीच्या आदल्या दिवशी, बारा जोड तपासणीसाठी परत मागवले.

सकाळपासून एकेक जण येत होता आणि जयवंतचा चेहरा खुलत चालला होता. काय अवस्था होती चपलांची! टाचा एका अंगाला उतरलेल्या, तळाची नक्षी पुसलेली, कडा फाकलेल्या. एकीच्या पट्ट्यावर हळदीचा डाग, एकाच्या तळात डांबर रुतून बसलेलं. जयवंत पट्टी लावून जाडी मोजत होता, तक्त्यात लिहीत होता आणि दर आकड्यागणिक शिवाकडे बघून मान हलवत होता.

"गेली रे तुझी उष्ण भागीदारी."

"तीन महिन्यांत?" शिवा म्हणाला. "मेल्यांनी काय पुठ्ठ्याची केली काय?"

जेवणाच्या सुट्टीनंतर ललिता आली. तिचा जोड सगळ्यांत वाईट होता. डाव्या चपलेचा बाहेरचा काठ पार गेला होता. जयवंतने ती उलटी धरून तिलाच दाखवली.

"बघितलंत? मी म्हणत नव्हतो? दिखाऊ माल. बसा, पाय दाखवा."

ती बाकावर बसली आणि डावा पाय तिने स्टुलावर ठेवला. जयवंतने चष्मा नाकावर घेतला. अंगठ्याखाली बघितलं, मग पाय दिव्याकडे वळवून पुन्हा बघितलं. चार वर्षांची ती जखम बंद झाली होती. नवी गुलाबी कातडी आली होती, कोरडी. दाबून पाहिलं, पाणी नाही, पू नाही.

"अरे वा," तो म्हणाला. "ड्रेसिंग नीट केलंत यावेळी."

"ड्रेसिंग नेहमीसारखंच. भाऊ, याचा दुसरा जोड कधी मिळेल?"

"याचा कशाला? उद्या ही नापास होतेय. तुमचा जुना जोड आहे ना कपाटात, तो न्या. कोराकरकरीत आहे. थांबा, काढतो."

त्याने कपाट उघडलं, तिचा जोड काढला, फडक्याने पुसला आणि तिच्यापुढे ठेवला. काळे पट्टे, मागे बक्कल, बोटभर जाड तळ. ललिता त्याच्याकडे बघत राहिली. हात पुढे करेना.

"काय झालं?"

"नको भाऊ."

"का नको? मापाची आहे तुमच्या."

"मापाची आहे हो. मापाबद्दल काय बोलायचंय?" तिने साडीचा काठ पायावर ओढून घेतला. "ती मी इथे यायच्या दिवशी घालते. फाटकाशी येईपर्यंत पिशवीत असते. बाहेर रसवाल्याचं बाकडं आहे ना, तिथे बसून बदलते. जातानाही तसंच."

जयवंतला आधी कळलंच नाही.

"आणि एरवी?"

"एरवी साधी स्लीपर."

"एरवी म्हणजे? कामावर? दिवसभर?"

"कामावर ही घालून गेले तर दुसऱ्या दिवशी काम राहील का? पोळ्या लाटते मी. लोकांच्या पोटात जातात." ती हे अगदी साधेपणाने बोलत होती, जणू बसचा नंबर सांगावा. "आणि चाळीत दाराबाहेर चपला काढाव्या लागतात. परळ-लालबागला ही चप्पल कुणाला माहीत नाही? पहिल्यांदा दिलीत तेव्हा घातली होती मी, चांगली आठ दिवस. नवव्या दिवशी समोरच्या वहिनींनी त्यांच्या चपला उचलून पलीकडच्या खांबाशी नेऊन ठेवल्या. तोंडाने काही बोलल्या नाहीत. माझ्या मुलीला, मनवाला मात्र खेळायला बोलवेनाशी झाली त्यांची पोर. मग मी पिशवीत टाकली."

जयवंतला राग आला. असा आला की कान तापले. या बाईचा पाय जाता जाता राहिला होता, आणि चप्पल पिशवीत! एकतीस वर्षं आपण इथे बसून बोटांची सालं काढली ती कशासाठी?

"मग सांगायचं नाही का? चार वर्षं मी विचारतोय, चप्पल घालता ना? आणि तुम्ही मान डोलावता!"

"कसं सांगणार?" ललिता म्हणाली. "तुम्ही किती कौतुकाने दाखवायचात. त्या कॉलेजच्या मुलांना बोलावून, 'बघा, ललिताबाईंनी कशी जपून वापरली आहे.' तुमचा चेहरा असा फुलून यायचा भाऊ. मला वाटायचं, जाऊ दे. एवढं करतो माणूस आपल्यासाठी, त्याला कशाला..."

जयवंतच्या हातात फडकं तसंच राहिलं.

"बाकीचे?" त्याने विचारलं.

"बाकीच्यांचं मी कसं सांगू?" ती म्हणाली. पण रसवाल्याच्या बाकड्यावर कधीकधी जागा मिळत नाही, एवढं मात्र बोलून गेली.

ती गेली तेव्हा पायात पिशवीतून आणलेली स्लीपर होती, झिजून पातळ झालेली, टाचेशी उसवलेली. कंपनीची चप्पल तपासणीला ठेवून घेतलेली आणि जयवंतची तिने नेली नाही. फाटकापर्यंत ती नीट चालत गेली. जयवंत दारात उभा राहून तिचा डावा पाय बघत होता. या उन्हात, या स्लीपरवर, ती नवी कातडी फार तर आठवडाभर टिकेल, हे त्याला डॉक्टरांइतकंच कळत होतं.

शिवा चहा ठेवून गेला, तो निवला. जयवंतने सहाही जोड कपाटातून काढून टेबलावर ओळीने मांडले आणि एकेकाच्या आत बोटं घातली. मऊ रबराचा एक गुण असतो. माणूस महिनाभर चालला की त्याच्या बोटांच्या पाच वाट्या त्यात उमटतात, टाचेची एक मोठी वाटी उमटते. ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? नव्या माणसाला तो हेच तर शिकवणार होता. सहापैकी एकाही जोडात एकही वाटी नव्हती. हाताखालून हजार वेळा गेलेली वस्तू, आणि हे एकदाही नजरेला येऊ नये? तळाची नक्षी बघून खूश होत बसलो आपण, गाढवासारखे. बाबुराव एकदा हात जोडून म्हणाले होते, "परबभाऊ, तुमची चप्पल म्हणजे देवघरात ठेवावी अशी!" ते वाक्य त्याने घरी जाऊन आयेला सांगितलं होतं. आता आठवून त्याला टेबलाखाली शिरावंसं वाटलं.

त्याच संध्याकाळी आयेने भाकरी वाढता वाढता विचारलं, "काय रे झिला, तोंड कशाक पाडलंस? शेड ऱ्हवतली मा?"

"ऱ्हवतली," तो म्हणाला. "ऱ्हवतली असा वाटता."

"मगे?"

त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि विषय बदलला.

बैठक सकाळी अकराला होती. डॉक्टर आठल्येंच्या खोलीत टेबलावर बारा झिजलेले जोड एका बाजूला आणि जयवंतचे सहा दुसऱ्या बाजूला. सुरुची होती, तिच्या शेजारी कंपनीच्या दर्जा विभागाचा सौमित्र, चौकड्यांचा शर्ट, हातात मोजणीचं यंत्र. माणूस सभ्य होता. त्याने प्रत्येक चप्पल स्वतः मोजली, जयवंतच्या तक्त्याशी ताडून पाहिली आणि मान हलवली.

"परबसाहेबांची मापं बरोबर आहेत," तो म्हणाला. "आमचा निकष नऊ महिन्यांचा आहे. ही तीन महिन्यांत संपली. कारखान्यात मशीनवर दोन लाख वेळा वाकवली होती आम्ही, तेव्हा काही झालं नव्हतं. कळत नाही. पण आकडे ते आकडे. हेड ऑफिस प्रकल्प थांबवेल. नव्याने डिझाइन, नवी मंजुरी, म्हणजे दीड-दोन वर्षं तरी."

सुरुचीने समोरची वही मिटली.

"जखमांचा अहवाल पण नोंदवून ठेवू," डॉक्टर म्हणाल्या. "बारापैकी सात जणांना जखमा होत्या, पाच जणांच्या भरल्या. ड्रेसिंगच्या बाई नवीन आल्यात, त्यांचं काम चांगलं आहे." मग त्यांनी जयवंतचा एक जोड उचलला आणि तळ सौमित्रकडे केला. "आणि हे बघा. अठरा महिने. हातची कारागिरी म्हणतात ती ही. परब तीस तारखेला निवृत्त होतायत. निरोपाच्या दिवशी हे सहाही जोड आपण हॉलमध्ये मांडणार आहोत."

सौमित्रने जोड हातात घेतला, नखाने नक्षीवर खरवडलं आणि जयवंतकडे आदराने बघितलं.

"सर, हे कसं जमवता? रबराचं कुठलं कंपाउंड वापरता?"

सगळे जयवंतकडे बघत होते. काही करायची गरजच नव्हती. 'अनुभव' एवढा एक शब्द बोलला असता तरी चाललं असतं. शेड राहिली असती, स्टुलावर नवा माणूस बसला असता, तीस तारखेला हॉलमध्ये हार पडला असता आणि आये पुढच्या खुर्चीवर बसून डोळे पुसत बसली असती. जयवंतने खिशातला रुमाल काढला, तोंड पुसलं, रुमालाची घडी घातली आणि परत खिशात ठेवला.

"या टिकल्या नाहीत साहेब," तो म्हणाला. "या कुणी घातल्याच नाहीत."

डॉक्टरांना वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"काय म्हणालात?"

"आत बोटं घाला मॅडम. पायाचा ठसा नाही. पिशवीत ठेवायचे लोक. इथे यायच्या दिवशी फाटकाशी घालायचे, जाताना काढायचे. माझी चप्पल म्हणजे कपाळावर पाटी लावल्यासारखी. कोण घालील?" त्याने कंपनीची एक झिजलेली चप्पल पुढे सरकवली. "यांच्या झिजल्या, कारण लोक यात चालले. बाजारात गेले, कामाला गेले, दुसऱ्याच्या घरी गेले. पाच जखमा त्याने भरल्यात. ड्रेसिंगच्या बाई चांगल्या आहेत, पण ललिताबाईंची जखम त्यांनी नाही भरली. या चपलेने भरली."

डॉक्टरांनी हातातल्या चपलेत दोन बोटं घातली, मग दुसरीत, मग तिसरीत. तिसरी खाली ठेवताना त्यांनी ती अलगद ठेवली.

"परब, सगळ्या?"

"सहाच्या सहा मी बघितल्या. बाकी ज्यांना दिल्या त्यांना तुम्ही विचारून बघा. मला विचारवणार नाही."

"एकतीस वर्षं..." डॉक्टर म्हणाल्या. त्या स्वतः तिथे चौदा वर्षं होत्या.

सौमित्रने चष्मा काढून पुसला. "पण नऊ महिन्यांचा निकष..."

"निकष चालत नसलेल्या माणसाचा आहे साहेब. तुमच्या मशीनला कुठे डबे पोचवायचेत? तळ तीन महिन्यांनी बदलायचा, असं करारात घाला. वरचा भाग धडधाकट आहे, मी खेचून बघितलाय. नुसता तळ बदलला की झालं. माझं पद रद्द झालं तरी तुमच्या कंपनीचा माणूस इथेच शेडमध्ये बसून तळ बदलून देईल."

"तेवढं चालेल?" सुरुचीने सौमित्रला विचारलं. तिने वही परत उघडली होती.

"लेखी लागेल. चाचणी नापास का नाही, त्याचं कारण. यांच्या सहीने. हेड ऑफिस विचारेल की दवाखान्याच्या चपला अठरा महिने टिकतात, मग तुमच्या का नाही."

"देतो," जयवंत म्हणाला. "आत्ता देतो. कागद द्या."

त्याने लिहिलं. अक्षर काही फार चांगलं नव्हतं, आणि 'वापर' शब्दाशी तो बराच वेळ थांबला. शेवटी चार ओळी झाल्या. खाली सही केली: जयवंत महादेव परब, पादत्राण तंत्रज्ञ. डॉक्टरांनी कागद वाचला, त्यावर आपली सही केली आणि तो सुरुचीकडे सरकवला.

"नवा माल कधी येईल?" त्यांनी विचारलं.

"मंजुरी आली तरी सहा-सात आठवडे," सुरुची म्हणाली.

"तोवर हे बारा जण काय घालणार?"

हे जोड झिजलेले, घालून फिरण्यात अर्थ नव्हता. सात आठवडे स्लीपरवर काढायचे म्हणजे ज्या पाच जखमा भरल्या त्यांची पुन्हा तीच गत.

जयवंत उठला. त्याने आपले सहा जोड एकावर एक रचून छातीशी धरले आणि दुसऱ्या हाताने कंपनीच्या बारा जोडांपैकी मरून पट्ट्याचा ललिताचा जोड उचलला.

"यांचे तळ कोरे आहेत, ते काढून कंपनीच्या चपलांना लावतो," तो म्हणाला. "सहा जणांचं भागेल. ज्यांना जखमा होत्या त्यांना आधी. राहिलेल्यांसाठी शेडमध्ये तळाच्या रबराचा एक ताव शिल्लक आहे."

"परब," डॉक्टर म्हणाल्या, "निदान एक जोड ठेवा. हॉलमध्ये मांडायला."

"कशाला मॅडम?"

तो शेडमध्ये आला. शिवा काही विचारणार होता, पण त्याचा चेहरा बघून बाहेर गेला. जयवंत स्टुलावर बसला. ललितासाठी केलेली काळी चप्पल त्याने मांडीवर उलटी धरली, रापीचं टोक तळाच्या कडेला लावलं आणि दाबलं. काही झालं नाही. त्याने चष्मा वर केला, रापी दगडावर दोनदा घासली आणि अंगठ्याचा जोर लावून पुन्हा घातली. त्याचंच काम होतं, पक्कं केलेलं. तळ काही केल्या सुटेना.